गुलाबाच्या लढाया पाठ करू नका, सुपात मांडा

इंग्लंडमधली गुलाबांची युद्धं (1455 ते 1487) वाचायला घेतली की डोकं गरगरते, कारण अर्धे लोक हेन्री आन उरलेले एडवर्ड नाहीतर रिचर्ड. मी दोनदा पुस्तक मिटवून ठेवलं, मंग हा जुगाड सुचला.

सुपात मूठभर तूर आन मूठभर ज्वारी घ्या. लाल तूर म्हणजे लाल गुलाबवालं लँकेस्टर घराणं, पांढरी ज्वारी म्हणजे पांढऱ्या गुलाबवालं यॉर्क घराणं. दोघंही राजा तिसऱ्या एडवर्डचेच वंशज, म्हणजे भाऊबंदकीच बावा, फक्त धुऱ्याच्या जागी गादी. सगळ्या लढाया मांडू नका, तीन पुरतात.

पहिली टाउटन, 29 मार्च 1461, बर्फ पडत होता. ज्वारीच्या मागून फुंकर मारा. ज्यानं कपाशीवर फवारणी केली त्याला सांगायची गरज नाही, वारा पाठीमागून पाहिजे, नाहीतर औषध आपल्याच तोंडावर. यॉर्कवाल्यांच्या पाठीशी वारा होता म्हणून त्यांचे बाण पोचले, समोरच्यांच्या डोळ्यात बर्फ, त्यांचे बाण अलीकडंच पडले, आन ते पडलेले बाण उचलून यॉर्कवाल्यांनी परत त्यांच्यावरच सोडले म्हणतात! 28,000 मेले असं तेव्हाच्या पत्रात आहे, मला आकडा फुगवलेला वाटते. पण यॉर्कचा चौथा एडवर्ड गादीवर पक्का झाला.

दुसरी बार्नेट, 14 एप्रिल 1471. इथं धुवारी. आधी ज्वारीतला एक मोठा दाणा तुरीकडं सरकवा, तो वॉरिक, यॉर्क सोडून लँकेस्टरकडं गेलेला बडा सरदार. लँकेस्टरकडूनच लढणाऱ्या ऑक्सफर्ड सरदाराच्या माणसांच्या बिल्ल्यावर किरणांचा तारा, एडवर्डच्या बिल्ल्यावर सूर्य, धुक्यात वॉरिकच्या लोकांनी ताऱ्याला सूर्य समजून आपल्याच माणसांवर बाण सोडले. वॉरिक मेला, वीस दिवसांनी ट्यूक्सबरीला लँकेस्टरचा राजपुत्रही गेला.

तिसरी बॉसवर्थ, 22 ऑगस्ट 1485. इथं हवामान नाही, सोयरे पाहा. थोडे दाणे सुपाच्या काठावर वेगळे ठेवा, ते स्टॅन्ली भाऊ, दोघंही सरदार. थोरला हा लँकेस्टरकडून गादी मागणाऱ्या हेन्री ट्यूडरचा सावत्र बाप, तरी दोघं धुऱ्यावर उभं राहून कोण जिंकते ते पाहत होते. यॉर्कचा राजा तिसरा रिचर्ड थेट हेन्रीवर चालून गेला तेव्हा धाकट्याची फौज त्याच्यावर तुटून पडली आन राजा तिथंच मेला. त्याचा सांगाडा 2012 मध्ये लेस्टरच्या पार्किंगखाली सापडला.

हेन्री राजा झाला आन 1486 ला त्यानं यॉर्क घराण्यातल्या एलिझाबेथशी लग्न केलं, इथं सूप हलवून दाणे एकत्र करा. 1487 ला स्टोकला तरी एक लढाई झालीच. दाणे मात्र स्वतःच निवडून ठेवा, मी तसंच सूप चुलीपाशी ठेवलं तर आईनं जेवायच्या आधी सगळी तूर वेगळी करायला बसवलं.