एक घडी जमली की ट्यूलिप, लेडीबग आणि ससा तिन्ही जमतात: छोट्यांसाठी वसंत ऋतूची सोपी ओरिगामी

मुलांना ओरिगामी शिकवायची म्हटलं की बरेच जण थेट व्हिडिओ लावतात आणि तिथेच घोळ होतो, कारण व्हिडिओतले हात भराभर चालतात, पोरगं तिसऱ्या घडीला अडकतं, मग पॉज करा, मागे न्या, परत लावा, आणि शेवटी फूल आपणच करत बसतो आणि मूल केव्हाच उठून दुसऱ्या खेळाला गेलेलं असतं. त्यापेक्षा सरळ एकच घडी शिकवायची: चौकोनाचा त्रिकोण, आणि त्रिकोणाची दोन टोकं वर. बास. ही एवढी हातात बसली की त्यातून तीन वेगवेगळ्या गोष्टी निघतात आणि मुलांना वाटतं आपल्याला केवढं काय काय येतं (येतंच की!).

आधी कागद. तयार ओरिगामी पेपर साधारण १५ सेंटीमीटरचा मिळतो, एका बाजूने रंगीत आणि दुसरीकडे पांढरा, तो छोट्या हातांना बरोबर पडतो. यापेक्षा लहान घेऊ नका, कागद जितका छोटा तितकी घडी अवघड. घोटीव कागद चालतो, जुन्या मासिकाची रंगीत पानं पण मस्त दिसतात, कार्डशीट मात्र अजिबात नको, घडीवर ती तडकते आणि मुलांच्या बोटात तेवढा जोर नसतो. A4 कागद असेल तर एक कोपरा तिरका दुमडून समोरच्या लांब कडेला लावा आणि जी पट्टी उरते ती कापा, झाला २१ सेंटीमीटरचा चौकोन. उरलेली पट्टी फेकू नका, ती जवळपास ८.७ सेंटीमीटर रुंद असते, तिच्यातून अजून दोन छोटे चौकोन निघतात, ते तुम्ही घ्या, पिल्लं वगैरे करायला.

आता बसायचं कसं ते सांगते, कारण निम्मं काम यातच आहे. मुलाच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलं की तुमचं डावं ते त्याचं उजवं आणि मग "अरे तिकडे नाही, इकडे" सुरू. घडी टेबलावर किंवा फरशीवर करायची, हवेत धरून नाही. आणि दुमडताना आपल्याकडचं टोक उचलून पुढे न्यायचं, उलटं नाही, म्हणजे टोकाला टोक लागलं का ते नीट दिसतं. टोक जुळलं की एका बोटाने तिथेच दाबून धरायचं, दुसरा हात घडीच्या मधोमध ठेवून तिथून दोन्ही बाजूंना सरकवायचा, आणि मग शेवटी नख. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी जी दोन टोकं जुळवायची आहेत त्यांच्यावर पेन्सिलने एकेक टिंब काढून द्या, "टिंबाला टिंब भेटवायचं" एवढंच सांगितलं की पुरतं, कर्ण न् कोन काही बोलायला लागत नाही.

चला, ट्यूलिप. कागदाची रंगीत बाजू खाली, एक टोक आपल्याकडे. ते टोक वरच्या टोकाला नेऊन लावा, त्रिकोण झाला, लांब कड आपल्याकडे आणि शेंडा वर. आता या लांब कडेचा मध्य हवा, त्यासाठी डावं-उजवं टोक एकत्र आणून फक्त खाली चिमटीत दाबा आणि परत उघडा, पूर्ण घडी घालू नका नाहीतर फुलाच्या पोटावर उगाच रेघ दिसते. आता या खुणेपासून उजवं टोक तिरकं वर न्या. कुठपर्यंत? मधल्या शेंड्याला चिकटायच्या आत थांबायचं, साधारण दोन बोटं अलीकडे. डावीकडे पण तसंच. वर तीन टोकं दिसली की पाकळ्या झाल्या. खाली जे अणकुचीदार टोक आलंय ते थोडं मागे दुमडा. दोन पाकळ्या सारख्या आल्या नाहीत तरी दुरुस्त करत बसू नका हं, झाडावरची तरी कुठे सारखी असतात.

देठासाठी हिरवा कागद, आणि याला मोठ्यांची थोडी मदत लागते. कर्णावर घडी घालून उघडा, मग एका टोकाच्या दोन्ही कडा मधल्या रेषेला लावा, पतंगाचा आकार येतो. पतंगाच्या रुंद बाजूच्या दोन कडा पण मध्यावर आणा, लांबट शंकरपाळं होईल. ते खालून वर अर्ध्यात दुमडा, पुढचं टोक मागच्यापेक्षा जरा खाली राहू द्या, आणि मग लांबीत मधोमध मागे मोडा. बाहेरचा भाग हळूच बाजूला ओढला की ते पान, उरलेला देठ. पाच वर्षांखालच्या मुलांना पतंगापर्यंत करू द्या, पुढचं तुम्ही करा, किंवा सरळ हिरव्या कागदाची पट्टी चिकटवा, फुलाची काही तक्रार नसते.

लेडीबग म्हणजे हेच ट्यूलिप उलटं! लाल कागद घ्या, फक्त दोन्ही टोकं वर नेताना मध्ये बोटभरच फट ठेवा, आणि अख्खं उलटं फिरवा. आता जे टोक वर आलं ते किंचित मागे दुमडून काळं रंगवा, ते डोकं. पंखांची टोकं जराशी मागे वळवली की गोलाई येते, मधून जो शेंडा डोकावतो तो पण मागे. ठिपके मारायला मुलं इतकी उतावीळ असतात की ते नेमके किती हे सांगायची हीच वेळ: सगळ्या लेडीबगना सारखे नसतात, पण सात ठिपकेवाली जी प्रसिद्ध आहे तिच्या प्रत्येक पंखावर तीन-तीन असतात आणि सातवा पुढे, डोक्याजवळ, दोन्ही पंखांत अर्धा-अर्धा वाटलेला. हा वाटलेला ठिपका मुलांना फार आवडतो, बघा सांगून.

ससा पण त्याच त्रिकोणाचा, फक्त एक घडी आधी घालायची. त्रिकोण झाला की लांब कडेची दीड-दोन सेंटीमीटरची पट्टी वर दुमडा, मग मध्यापासून दोन्ही टोकं सरळ उभी वर न्या, हे कान. कागद पालटा. कानांच्या मधला शेंडा खाली दुमडा, हनुवटीचं टोक मागे, आणि चेहरा काढायला पेन मुलाच्या हातात द्या. मोठ्यांनी डोळे काढून देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे, तिरळा ससा त्यांचा स्वतःचा असतो.

फुलपाखराला ही घडी नाही चालत, त्याला चुण्या लागतात, पण सगळ्यात लहान मुलांना तेच सगळ्यात छान जमतं. दोन चौकोन घ्या, एक मोठा एक जरा छोटा. मोठ्याला कर्णावर खूण करून तिथून दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर रुंदीच्या मागे-पुढे चुण्या घाला, छोट्याला नेहमीसारख्या एका कडेपासून. दोन्ही मधोमध चिमटीत धरून एकत्र दोऱ्याने बांधा आणि पंख फुलवा, मोठे वर, छोटे खाली. शुद्ध ओरिगामीवाले म्हणतील दोरा आला म्हणजे ही ओरिगामी नव्हेच. म्हणू देत, चार वर्षांच्या मुलाला त्याचं काय.

मूल सहा-सातचं झालं आणि अजून हवंय म्हणायला लागलं की त्याला आकृत्या वाचायला शिकवा, हे व्हिडिओपेक्षा फार बरं. नुसत्या तुटक रेषा म्हणजे दरी, घडी आपल्याकडे. रेघ-टिंब-रेघ म्हणजे डोंगर, घडी मागे. बाण जिकडे, कागद तिकडे. ही पद्धत जपानच्या अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी घडवली आणि पुढे जगभर तीच चालली, त्यामुळे कुठल्याही भाषेतल्या आकृत्या मुलाला अक्षर न वाचता उमगतात. सुरुवातीला तुम्ही काढलेल्या ट्यूलिपच्या तीन आकृत्या पुरेत, त्याला घडी आधीच येत असते, खुणा फक्त ओळखायच्या.

तयार झालेलं सगळं एका मोठ्या कागदावर ग्लू स्टिकने लावा, पातळ गोंद नको, कागद ओला होऊन फुगतो. फुलपाखरू मात्र चिकटवू नका, त्याचा उरलेला दोरा लांब ठेवून खिडकीत टांगा.