वळवाच्या तोंडावर जंताचं इंजेक्शन दिलंत, तर शेण माळावर पडू देऊ नका

वळवाचा पहिला दणका बसला की दोन-चार दिवसांत माळावर शेणकिडे उडायला लागतात. नेमके त्याच सुमारास आपण अख्ख्या कळपाला आयव्हरमेक्टिन टोचतो आणि दुसऱ्या दिवशी गायरानात सोडतो. माण-खटावच्या माळावर मी हे दरसाल पाहतोय. यंदा तरी थांबा.

हे औषध बहुतेक शेणावाटेच बाहेर पडतं. पूर्ण वाढलेला किडा शेणातला रस शोषतो, तो बहुधा वाचतो. पण मादी जमिनीत शेणाचा गोळा करून त्यात एक अंडं घालते आणि त्यातली अळी तेच शेण खाऊन मरते. किडे उडताना दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. घट कळते ती पुढच्या सालात.

गेल्या श्रावणात काठीने शेणाचे दोन पो उलटून बघितले. इंजेक्शन न दिलेल्या गाईचा पो दोनच दिवसांचा होता. किड्यांनी त्याची चाळणी केलेली, खाली ओल्या मातीचे ताजे ढीग, उचलला तर हातात नुसता भुसा. दुसरा पो टोचलेल्या जनावराचा, महिनाभराचा. वर भाकरीसारखा कडक पापुद्रा, खाली मारवेल गवत पिवळं पडून कुजलेलं, आणि भोवतीच्या वीतभर गवताला जनावर तोंड लावेना. असे पो साचले की चारा जातो, माश्या वाढतात, खत जमिनीत न जाता वरच वाळतं.

दुकानदार म्हणेल, "एकाच सुईत आतले जंत, बाहेरच्या गोचिड्या, दोन्ही साफ." त्याचं ऐकून सरसकट टोचू नका. आधी पाच-सहा जनावरांचं ताजं शेण तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. मेंढीची खालची पापणी ओढून बघा. लालचुटूक असेल तर घाई नाही, पांढुरकी दिसली, म्हणजे रक्त कमी झालं, तर औषध हवंच.

नुसते जंत असतील तर फेनबेंडॅझोल पाजा: मेंढीला किलोमागे 5 मिलिग्रॅम, गाईला 7.5. शेणकिड्यांना त्याचा फारसा त्रास नाही. वजन अंदाजाने धरू नका, काटा लावा. काही कळपांत ते आता लागू पडत नाही, म्हणून 10 ते 14 दिवसांनी शेण पुन्हा तपासा.

डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिनच सांगितलं, तर 1 टक्क्याचं औषध 50 किलोला 1 मिली, कातडीखाली. 25 किलोच्या मेंढीला अर्धा मिली, त्यावर थेंब नको. दुभत्या जनावराला विचारल्याशिवाय नाहीच. त्यानंतर किमान 15 दिवस जनावरं गोठ्यात बांधा आणि शेण खड्ड्यात टाका. मी स्वतः तीन आठवडे धरतो. हा माझा माळावरचा अंदाज आहे, पण ढगाळ हवेत पो लवकर वाळत नाही म्हणून मला तो सोडवत नाही. गोचिड्यांसाठी पाठीवर ओतायची डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिनसारखी औषधंही शेणात उतरतात. गोठ्याच्या भेगा खरवडून लिंपा, गोचिड्या तिथेच अंडी घालतात.

आणखी एक घोळ. जमीन उकरताना वाकडी पांढरी अळी दिसली की पिकाची मुळं खाणारी हुमणी समजून औषध ओततात. हुमणी मोकळ्या मातीत मुळाशी असते. शेणाच्या बंद गोळ्यात, पाठीला कुबड असलेली अळी शेणकिड्याची. ती राहू द्या.

ऑस्ट्रेलियातले देशी किडे कांगारूच्या लेंड्यांवर वाढलेले, गाईचं शेण त्यांना पेलेना. तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांना 1960च्या दशकापासून बाहेरून किडे आणून सोडावे लागले. आपल्याकडे ते फुकट आहेत.

बाकी कामं:
- गाई-म्हशींना घटसर्प, फऱ्याची लस
- शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लस
- गोठ्याचं छप्पर, पाण्याचा निचरा
- खनिज मिश्रण

आभाळ भरून आलंय. इंजेक्शन कालच दिलं असेल, तर आज कळप सोडू नका. गोठ्यातच वैरण टाका.