घरी शिकलेल्या लेकीचा सहावीचा प्रवेश

दम्यामुळं लेकीची शाळा तिसरीनंतर सुटली. दोन वर्षं अंबाजोगाईजवळच्या आमच्या खेड्यात घरीच शिकवलं. चतकोर, अर्धी, पाऊण भाकर ताटात मांडून अपूर्णांक पक्के केले. परत शाळेत न्यायला गेलो तर, "आधी चौथीत बसू द्या." लेक ११ वर्षांची! रात्रभर डोळा लागला नाही.

मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा वाचला. कलम ४ सांगतं, शाळा सुटलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गातच घ्यायचं, वर मागं राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणही द्यायचं. हे कलम अर्जात उतरवून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं दिलं, शिक्क्याची पोच घेतली. पोच घ्याच. आठवड्यात लेक सहावीत बसली.

कलम १० पण बघा: ६ ते १४ वयाच्या लेकराला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य आहे, त्यासाठी दंड मात्र कायद्यात लिहिलेला नाही.