इफेसस बघायचंय? मग वरच्या गेटने शिरा

तुर्कस्तानातल्या सेल्चुक गावाला लागूनच हे जुनं ग्रीक शहर आहे. आत जाताना वरचं गेट पकडा, म्हणजे सगळा रस्ता उताराचा मिळतो, नाहीतर उन्हात चढून जीव जातो, सावली जवळपास नाहीच. क्युरेटीस रस्त्याने खाली आलात की समोर सेल्सस या रोमन अधिकाऱ्याच्या नावाची लायब्ररी, दुसऱ्या शतकातली, रोमन काळातली, आणि गंमत म्हणजे खाली त्या सेल्ससचीच कबर आहे, मुलाने बापासाठी बांधलेली. पुढे थिएटर, अंदाजे २५ हजार माणसं बसतील एवढं. इथे घाई करू नका, वर चढून बसा आणि सरळ जाणारा बंदराचा रस्ता बघा. तो आता कुठेच पोचत नाही 😅 कारण नदीच्या गाळाने बंदर बुजलं, समुद्र काही किलोमीटर मागे गेला आणि व्यापार बसला.

आर्टेमिस या ग्रीक देवीचं देऊळ वेगळ्या जागी आहे, प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांतलं. इ.स.पू. ३५६ मध्ये हेरोस्ट्रॅटस नावाच्या माणसाने ते जाळलं, का तर म्हणे नाव व्हावं म्हणून! आता एक खांब उभा आहे, तोही तुकडे जोडून केलेला, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका. त्यापेक्षा सेल्चुकच्या म्युझियममधल्या आर्टेमिसच्या मूर्ती बघाच.