फ्रेममेकरमधले जुळे मार्कर कसे पकडायचे

मरोळ एमआयडीसीत बसून मी फ्रेममेकर या अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्रेसरची मॅन्युअल्स करते. मजकूर इंग्रजी, त्यावरची भांडणं मराठी. मागच्या पावसाळ्यात साइटवरून एका सर्व्हिस इंजिनिअरचा फोन आला. "ताई, ३७ किलोवॅटच्या मशीनचं ऑइल बदलायच्या लिंकवर क्लिक केलं की ५५ चं पान उघडतंय." दोन्ही मशीनना तेल वेगवेगळं लागतं. त्याच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

मी फाइल उघडली, रेफरन्स (म्हणजे "अमुक पान पाहा" अशा लिंका) अपडेट केले, तर एकही एरर नाही. गंमत म्हणा की ताप, पण जुळ्या मार्करचा, म्हणजे एकाच नावाच्या दोन छुप्या खुणांचा, गोंधळ असाच असतो. लिंक तुटलेली असेल तर फ्रेममेकर बोंब मारतो. भलतीकडे जात असेल तर गप्प बसतो.

हे होतं कसं ते आधी समजून घ्या. एखाद्या हेडिंगला क्रॉस-रेफरन्स दिलात की फ्रेममेकर त्या परिच्छेदाच्या सुरुवातीला एक मार्कर टाकतो. त्यात एक आकडा, परिच्छेदाच्या टॅगचं (स्टाइलचं) नाव आणि त्या वेळचा मजकूर असतो. समजा, "३८२११: हेडिंग२: ऑइल चेंज". रेफरन्स हाच मजकूर धरून मार्कर शोधतो. आता ते हेडिंग कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केलंत की मार्करही सोबत जातो, आकड्यासकट. एकाच फाइलमध्ये एकाच नावाचे दोन मार्कर झाले की रेफरन्स फाइलमधला पहिला धरतो.

माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. मोठं मशीन आधी यावं अशी क्लायंटची मागणी. मी ३७ चा अख्खा भाग उचलला, त्याच्या वर पेस्ट केला आणि आकडे बदलून ५५ चा केला. त्या क्षणी ३७ कडे जाणाऱ्या सगळ्या लिंका ५५ ला जाऊन चिकटल्या. हेडिंग दोन्हीकडे तेच, त्यामुळे रेफरन्सच्या मजकुरात फरक दिसेना. बदलला होता तो फक्त पान क्रमांक, आणि तो कोण ताडून बघतो?

शोधायला सुरुवात मार्कर पॉडपासून, म्हणजे मार्करची यादी दाखवणाऱ्या खिडकीपासून करा. व्ह्यू मेनूत पॉड्स, तिथे मार्कर्स. मजकुराच्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करून क्रम लावा, म्हणजे सारखे मार्कर एकाखाली एक येतात. फक्त क्रॉस-रेफ प्रकारचेच बघा. इंडेक्सचे मार्कर तर सारखे असणारच, एकच शब्द दहा पानांवर येतो. ते पुसायला गेलात तर सूचीची वाट लागेल.

जोडीतला मूळ कोणता आणि नक्कल कोणती, हे ओळखायची एक युक्ती आहे. हेडिंग नंतर बदललं तरी मार्करमधला मजकूर जुनाच राहतो. पानावर "बेल्ट टेन्शन" आणि मार्करमध्ये "ऑइल चेंज" दिसलं, तर ती बहुतेक पेस्ट केलेली प्रत. बहुतेकच म्हणते, कारण मूळ हेडिंगही कुणी बदललेलं असू शकतं. आमच्यासारखी दोन्हीकडे हेडिंगं तीच असतील तर युक्ती चालत नाही, तेव्हा जुन्या पीडीएफशी ताडून बघा.

मग टेक्स्ट सिम्बॉल्स चालू करा. मार्कर ठळक टी अक्षरासारखा दिसतो. नक्कल हेडिंगमधला तेवढा टी निवडून डिलीट करा. मूळ मार्करला हात लावू नका. अपडेट रेफरन्सेस चालवा. नक्कल वरच्या बाजूला होती, तर सगळ्या लिंका आपसूक मूळ जागी परततात. मी एक टी पुसला आणि ३७ च्या लिंका घरी आल्या.

मात्र इथे थांबू नका. पेस्ट केल्यानंतर कुणी त्या नकलेकडे नवे रेफरन्स दिले असतील, तर खरी कटकट तिथे आहे. हेडिंगमध्ये आधीच मार्कर असला की फ्रेममेकर नवा टाकत नाही, असलेलाच वापरतो. म्हणजे तुम्ही यादीतून ५५ चं हेडिंग निवडलंत तरी नाव तेच "३८२११". आता नकलेचा मार्कर गेल्यावर हे रेफरन्सही ३७ ला जातील, आणि तेही मुकाट्याने. त्यासाठी क्रॉस-रेफरन्सेस पॉड उघडा, तो मजकूर असलेला एकेक रेफरन्स गाठा, आजूबाजूचं वाक्य वाचा आणि ठरवा की लेखकाला कुठे पाठवायचं होतं. जो ५५ साठी होता तो पुन्हा नव्याने द्या. आता हेडिंगमध्ये मार्कर नसल्याने नवा, वेगळ्या आकड्याचा पडेल. हे काम मशीन करत नाही. माझी एक अख्खी दुपार यात गेली, डबा चार वाजता उघडला.

पेस्ट केलेल्या भागाच्या पोटातही बघा. "पायरी ४ पाहा" असा रेफरन्स आत असेल तर पायरी ४ चा मार्करही जुळा झालेला असतो. एका मशीनच्या भागातला रेफरन्स दुसऱ्या मशीनच्या पायरीकडे बोट दाखवतो, आणि क्रमांक तोच असल्याने वाचताना कळतही नाही. आकृत्या नि तक्त्यांच्या शीर्षकांचं तेच.

फाइल मोठी असेल तर मी पॉडवर विसंबत नाही. तिची एक प्रत मिफ म्हणून सेव्ह करते, ती साधी टेक्स्ट फाइल असते. नोटपॅड प्लस प्लसमध्ये क्रॉस-रेफ मार्करच्या एमटेक्स्टच्या (मार्करचा मजकूर असलेल्या) ओळी वेगळ्या काढायच्या, एक्सेलमध्ये टाकायच्या आणि डुप्लिकेट व्हॅल्यूजला रंग द्यायचा. रेफरन्सच्या ओळीतही तोच मजकूर असतो, ती XRefSrcText नावाची ओळ उचलू नका, नाहीतर सगळंच लाल होईल. पहिल्यांदा माझं झालं होतं.

वेगवेगळ्या चॅप्टर फाइलमध्ये सारखा मार्कर आला तर घाबरायचं कारण नाही, रेफरन्स फाइलचं नावही धरून असतो. दोन चॅप्टर एकत्र केलेत की मात्र मोजणी पुन्हा सुरू. हायपरटेक्स्ट मार्करमध्ये लिंकसाठी हाताने दिलेल्या नावांचा नियम तोच, एका फाइलमध्ये एक नाव एकदाच.

कंडिशनल टेक्स्ट (हवा तेव्हा दाखवता-लपवता येणारा मजकूर) वापरत असाल तर मार्कर लपणाऱ्या मजकुरात राहणार नाही हे बघा. मजकूर लपला की मार्करही लपतो आणि रेफरन्स अनरिझॉल्व्ड, म्हणजे तुटलेला होतो. निदान इथे तरी एरर दिसते.

आमच्याकडच्या नव्या मुलाला मी आता एकच सवय लावते आहे: भाग कॉपी केलास की आधी टी बघायचे, मग आकडे बदलायचे. परवा मी मरोळ नाक्याला मेट्रोत उभी असताना त्याचा मेसेज आला, "मॅडम, सहा टी निघाले, सगळे उडवले." मी घाटकोपरला उतरून आधी त्याला फोन केला. दोन इंडेक्सचे होते.