दिल्लीत, केंद्र सरकारच्या कार्यालयात इंटर्नशिप करायची असेल तर

केंद्र सरकारमधील इंटर्नशिपचे नियम मंत्रालयागणिक बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी त्या त्या संकेतस्थळावरील मार्गदर्शक सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात. नीती आयोगाकडे दर महिन्याच्या १ ते १० तारखेदरम्यान ऑनलाइन अर्ज करता येतो. पदवीच्या विद्यार्थ्याचे चौथे सत्र झालेले असावे आणि बारावीत किमान ८५ टक्के गुण असावेत, अशी तेथील अट आहे. कालावधी सहा आठवडे ते सहा महिने असतो, विद्यावेतन मिळत नाही आणि लॅपटॉप स्वतःचा न्यावा लागतो. परराष्ट्र मंत्रालय मात्र दरमहा १०,००० रुपये आणि विमानाचे जाण्यायेण्याचे भाडे देते, त्यामुळे घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी तेथे प्रयत्न करावा. महाविद्यालयाचे ना-हरकत पत्र वेळेत मागावे. प्राचार्यांची सही परीक्षेच्या दिवसांत सहजासहजी मिळत नाही.

माझ्या विभागात पहिला आठवडा प्रवेशपत्राविनाच गेला आणि रोज सकाळी स्वागतकक्षात रांग लावून दिवसाचा पास काढावा लागला. त्या रिकाम्या दिवसांत मी अधिकाऱ्यांची उतरंड पाठ केली, आणि तेच पुढे सर्वांत उपयोगी पडले. फाइल साधारणपणे सहायक कक्ष अधिकाऱ्याकडून कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव किंवा संचालक आणि सहसचिव अशी वर चढते. आपण तयार केलेला मजकूर कोणत्या पायरीवरचा माणूस वाचणार आहे हे कळले, की तो किती लिहायचा हेही कळते. मराठी विद्यार्थ्याची येथे एक गंमत होते. आपला कक्ष अधिकारी हिंदीत ‘अनुभाग अधिकारी’ होतो आणि सहसचिव ‘संयुक्त सचिव’ होतो. शिवाय ‘अवर सचिव’ आणि ‘अपर सचिव’ यांत अक्षर एकच वेगळे असले तरी पहिले पद बऱ्याच खालचे आणि दुसरे सचिवाच्या लगतचे. मी एकदा ती चूक केली आणि अवर सचिवांनी हसून बढतीबद्दल माझे आभार मानले.

काम कोणी आपणहून देईल अशी वाट पाहत बसू नये. संसदेचे अधिवेशन चालू असेल तर तारांकित आणि अतारांकित प्रश्नांच्या उत्तरांसाठी राज्यांची आकडेवारी जुळवण्याची घाई असते, तेव्हा कक्ष अधिकाऱ्याकडे जाऊन एखादा तक्ता मागून घ्यावा. महाराष्ट्राशी संबंधित विषय निघाला तर आपली मराठी हे खरे भांडवल ठरते, कारण राज्याचे शासन निर्णय मराठीत निघतात आणि ते नेमके वाचणारा माणूस दिल्लीच्या प्रत्येक कक्षात नसतो. मला असे काही निर्णय प्रत्येकी एका पानात इंग्रजीत मांडून देण्याचे काम मिळाले. त्यात कोणत्या दिनांकाच्या निर्णयाने आधीचा कोणता निर्णय रद्द झाला, हे शोधण्यातच निम्मा वेळ गेला.

फाइलचे छायाचित्र काढू नये आणि त्यातील मजकूर मित्रांच्या गटात टाकू नये. गोपनीयतेच्या हमीपत्रावर आपण सही केलेली असते. शेवटच्या पंधरवड्यात अहवालाचा कच्चा मसुदा मार्गदर्शक अधिकाऱ्यांना दाखवून घ्यावा, कारण ते दौऱ्यावर गेले तर प्रमाणपत्र अडून राहते. परतीचे तिकीट अहवाल स्वीकारला गेल्यावरच काढावे.