इंग्लंडच्या उन्हाळ्यात हिरवळ आणि बाग कशी सांभाळावी

इंग्लंडमध्ये नवे घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच जुलैत बहुधा एक धक्का बसतो. मे महिन्यात डोळे निवतील इतकी हिरवी असलेली मागच्या अंगणातील हिरवळ तीन-चार आठवड्यांत वाळक्या पेंढ्याच्या रंगाची होते, आणि मग घरातील कोणीतरी रोज संध्याकाळी रबरी नळी घेऊन तिच्यावर पाणी मारू लागते. माझ्या मते हे पाणी चुकीच्या जागी जाते. उन्हाळ्यात हिरवळीला शक्यतो तिच्या नशिबावर सोडावे आणि हाताशी असलेले पाणी कुंड्या, भाज्या व नवी लावलेली झाडे यांच्यासाठी राखून ठेवावे. ते कसे करावे, हे पुढे कामांच्या क्रमाने सांगितले आहे.

प्रथम गवताचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. आपल्या ओळखीची हरळी, जिचे कोवळे शेंडे आपण दूर्वा म्हणून खुडतो, ती उष्ण प्रदेशातील असल्यामुळे तीस-पस्तीस अंश सेल्सियसलाही जोमाने पसरते. इंग्लंडच्या अंगणात मात्र बारमाही रायग्रास, फेस्क्यू आणि बेंट या थंड हवेतील गवतांचे मिश्रण असते. त्यांची खरी वाढ साधारण १५ ते २४ अंशांच्या दरम्यान होते. त्यापुढे पारा चढला आणि जमिनीतील ओल संपली, की ही गवते पाती वाळू देतात, वाढ थांबवतात आणि जमिनीलगतच्या गड्ड्यात जीव राखून निपचित पडून राहतात. एप्रिल-मेमध्ये देशावरची माळराने जे करतात, तेच हे गवत जुलै-ऑगस्टमध्ये करते. शंका असल्यास एखादा झुबका मुळासकट उपटून पाहावा. बुडाशी पांढरट किंवा फिकट हिरवा आणि टणक भाग दिसला, तर ते गवत जिवंत आहे असे समजावे; तो भाग तपकिरी व ठिसूळ असेल, तरच ते मेले आहे.

इंग्लंड म्हणजे सदा पाऊस, ही समजूतही येथे आड येते. लंडनमध्ये वर्षभरात जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैत सरासरीने त्याहून अधिक पडतो. लंडनचा पाऊस बारा महिन्यांत थोडा थोडा वाटला जातो, त्यामुळे त्यात तीन आठवड्यांचा खंड पडला तरी जमिनीच्या वरच्या थराला तो लगेच जाणवतो. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधील कनिंग्जबी येथे ४०.३ अंश तापमानाची नोंद झाली आणि ब्रिटनमध्ये पाऱ्याने प्रथमच चाळिशी ओलांडली. त्या ऑगस्टमध्ये दक्षिण इंग्लंडमधील उद्याने पार पिवळी पडली होती, तरी पाऊस परतल्यावर ती पुन्हा हिरवी झाली. १९७६ चा दुष्काळ याहून कडक होता. त्या ऑगस्टमध्ये सरकारने डेनिस हॉवेल यांच्याकडे खास दुष्काळाचे मंत्रिपद सोपवले, आणि काही दिवसांतच इतका पाऊस लागला की पुढे त्यांची त्यावरून बरीच थट्टा झाली.

कापणी: यंत्राचे पाते वर घ्यावे

जूनच्या मध्यावर, म्हणजे उन्हाचा तडाखा बसण्यापूर्वी, गवत कापण्याच्या यंत्राची उंची चार ते पाच सेंटिमीटरवर आणून ठेवावी. उंच पाती स्वतःच्या मुळांवर सावली धरतात, जमिनीतील ओल टिकवतात आणि तणाच्या बियांना ऊन मिळू देत नाहीत. शिवाय वर पाती जितकी राखली जातात, तितकी खाली मुळे खोल जातात. एका कापणीत पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक भाग घेऊ नये. सुटीवरून परतल्यावर वाढलेले रान एकदम भादरून टाकण्याचा मोह होतो, पण त्यामुळे हिरवळीला उन्हापेक्षा जास्त इजा होते. पावसाचा खंड लांबला आणि वाढ थांबली, की कापणीही थांबवावी. वाळक्या गवतावर यंत्र फिरवल्याने आणि मुलांना त्यावर रोज फुटबॉल खेळू दिल्याने गड्डे चिरडले जातात, आणि तेथे पुढे टक्कल पडते.

या दिवसांत नत्राचे खत मुळीच घालू नये. कोरड्या जमिनीत ते मुळे जाळते, आणि ज्या वेळी गवताला विश्रांती हवी असते, नेमक्या त्याच वेळी त्याला कोवळी वाढ करायला भाग पाडते. हिरवळीत पांढऱ्या फुलांचे क्लोव्हर उगवले असेल तर ते उपटण्याची घाई करू नये. ते कडधान्याच्या कुळातील असल्याने हवेतील नत्र जमिनीत आणते आणि गवत पिवळे पडल्यावरही बरेच दिवस हिरवे राहते.

पाणी: कोणाला, किती आणि केव्हा

जुन्या, मुळे धरलेल्या हिरवळीला पाणी न दिले तरी चालते. त्याच वर्षी बी पेरून किंवा गवताचे गालिचे अंथरून केलेल्या हिरवळीची मुळे मात्र वरच्या वरच असतात, म्हणून तिला पहिला उन्हाळाभर पाणी द्यावे लागते. अशा वेळी रोज थोडे शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याची पाळी द्यावी. रोजच्या शिडकाव्याने फक्त वरचा थर ओला होतो, मुळे वरच राहतात आणि पुढच्या उन्हात तीच आधी जळतात. दर चौरस मीटरला साधारण वीस लिटर, म्हणजे वीस मिलिमीटर पावसाइतके पाणी पुरते. ते मोजण्यासाठी सरळ काठांचा एक रिकामा डबा गवतावर ठेवावा आणि त्यात दोन सेंटिमीटर पाणी साचले की नळ बंद करावा. फवारा तासभर चालला तर सुमारे एक हजार लिटरपर्यंत पाणी जाते, हे लक्षात घेतले की डबा ठेवण्याचा कंटाळा येत नाही.

पाण्याची उत्तम वेळ पहाटेची. जूनमध्ये लंडनला पावणेपाचच्या सुमारास उजाडते आणि रात्री सव्वानऊपर्यंत सूर्य मावळत नाही; साडेसोळा तासांच्या त्या दिवसात दुपारी घातलेल्या पाण्याचा बराच भाग वाफ होऊन जातो. रात्री भिजवल्यास पाती व पाने ओली राहून बुरशी धरतात आणि गोगलगायींना आयते निमंत्रण मिळते. या गोगलगायींसाठी पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांवर ब्रिटनमध्ये २०२२ च्या वसंतापासून बंदी आहे. घरात जुना डबा पडून असेल तर तो वापरू नये.

दुष्काळात पाणीपुरवठा कंपन्या नळी वापरण्यावर बंदी घालू शकतात. इंग्लंड व वेल्समध्ये ती मोडल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड होतो. झारी आणि बादली यांना मात्र मुभा असते. म्हणून छपराच्या पन्हळीखाली दोनशे लिटरचे एक झाकणाचे पिंप वसंतातच बसवून घ्यावे. बंदी जाहीर झाल्यावर पिंप आणले, तर ते भरायला पाऊस कोठून आणणार? आंघोळीचे किंवा भांडी विसळलेले पाणीही फुलझाडांना चालते. फक्त त्यात ब्लीच नसावे, ते दिवसभरापेक्षा जास्त साठवू नये आणि खाण्याच्या भाज्यांना घालू नये.

वाफे आणि कुंड्या

पाण्याचा पहिला हक्क कुंड्यांचा, कारण त्यातील मातीला खालून ओल मिळण्याची सोय नसते. मातीत बोट दोन पेरे घालून पाहावे; आत कोरडे लागले, तरच पाणी घालावे. हायड्रेंजियाची पाने दुपारी माना टाकतात, पण ती संध्याकाळी आपोआप सावरली, तर झाड तहानलेले नसून फक्त उन्हाने थकलेले असते.

जमिनीतील वाफ्यांवर पाच ते सात सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे. कुजलेले पालापाचोळ्याचे खत, सालीचा चुरा, वाळवलेले कापलेले गवत, यांपैकी काहीही चालते. मात्र ते भरपूर पाण्यानंतर किंवा चांगल्या पावसानंतर, वाफसा असतानाच घालावे. कोरड्या मातीवर घातलेले आच्छादन पुढचा हलका पाऊस वरच्या वर शोषून घेते आणि खालची जमीन कोरडीच राहते. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी. ज्यांना आच्छादन घालणे शक्य नाही, त्यांनी निदान खुरप्याने वरची माती हलवत राहावी. भेगा बुजल्या की ओल उडून जाणे कमी होते. कोळपणीला अर्ध्या पाण्याचे मोल देणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

टोमॅटोचा बुडखा काळा पडू लागला तर औषध शोधू नये. एक दिवस रखरखीत आणि दुसऱ्या दिवशी डबके, अशा पाण्यामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही. रोज ठरावीक वेळी ठरावीक पाणी देणे हाच त्यावरील उपाय आहे. कोथिंबीर लांब दिवसांमुळे आणि कोरड्या मातीमुळे झटकन फुलावर येते, म्हणून ती एकदम न पेरता दर दोन-तीन आठवड्यांनी मूठभर, आणि दुपारी सावली येणाऱ्या जागी पेरावी. मेथी मात्र या हवेत मजेत येते. तुळस आणि कढीपत्ता जूनपासून बाहेर ठेवता येतात, पण रात्रीचे तापमान दहा अंशांकडे झुकू लागले, की त्यांना निमूटपणे घरात घ्यावे.

डागडुजी सप्टेंबरमध्ये

पाऊस परतल्यावर दोन-तीन आठवडे थांबावे आणि कोणता भाग आपोआप हिरवा होतो ते पाहावे. जेथे काहीच उगवत नाही, तेथेच काम करावे लागते. कावळे किंवा कोल्हे हिरवळ उकरत असतील आणि गवत सतरंजीसारखे उचलले जात असेल, तर खाली हुमणीसारख्या वाकड्या पांढऱ्या अळ्या शोधाव्यात. त्यांच्यासाठी सूत्रकृमींचे जैविक औषध मिळते, पण माती उबदार व ओली असतानाच ते लागू पडते. बाकीच्या टकलांवरील वाळके गवत दाताळ्याने ओरबाडून काढावे, काटेरी फावड्याने दहा सेंटिमीटर खोल भोके पाडावीत आणि चौरस मीटरला साधारण २५ ग्रॅम बी टाकून ते मातीत हलके मिसळावे. सप्टेंबरची जमीन अजून उबदार असते आणि हवेत ओलावाही असतो, त्यामुळे एक ते तीन आठवड्यांत बी रुजते. नवे गवत पाच ते सात सेंटिमीटर वाढले, की त्याचे फक्त शेंडे घ्यावेत, आणि तोपर्यंत त्यावर कोणालाही चालू देऊ नये.